सुरतेहून साल्हेरला: पायथ्यापर्यंत नेणारी गाडी कोणती?

सुरत शहर समुद्रसपाटीपासून जेमतेम 13 मीटर उंचीवर वसले आहे. बागलाणातल्या साल्हेरचा माथा 1,567 मीटरवर आहे. कळसूबाईखालोखाल महाराष्ट्रातले हे दुसरे उंच शिखर आणि राज्यातला सर्वांत उंच किल्ला. या दोन टोकांमधले रस्त्याचे अंतर दोनशे किलोमीटरच्या आसपास, म्हणजे मुंबई-पुण्याच्या गिर्यारोहकाला पडते त्यापेक्षा बरेच कमी. उधना, लिंबायत, डिंडोली, पांडेसरा या भागांत राहणाऱ्या मराठी माणसाला हा गड खऱ्या अर्थाने घरचा आहे. 11 जुलै 2025 रोजी युनेस्कोने ‘मराठा लष्करी भूदृश्ये’ या नावाने 12 किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले, त्यांत साल्हेर आला आणि सुरतेतही त्याची चर्चा वाढली.

चर्चा गडापासून सुरू होते आणि पाच मिनिटांत गाडीवर येते. स्प्लेंडर घाट चढेल का? हिमालयन घ्यावी का? चौघांनी मिळून थार भाड्याने आणली तर? की सरळ एसटीने जावे? हा प्रश्न हौसेचा वाटला तरी त्यामागे हिशेब आहे. सुरतेतला बराचसा मराठी समाज धुळे, जळगाव, नंदुरबार भागातून पोटासाठी आलेला. घरात अहिराणी बोलतो. लूमवर, डाइंग मिलमध्ये, कापड मार्केटात राबतो. लूमची पाळी बारा तासांची, सुटी आठवड्याची एक. त्या एका दिवसात चारशे किलोमीटरचा प्रवास, पाच-सहा तासांची चढउतार आणि सोमवारी सकाळी पुन्हा कामावर हजर, एवढे सगळे बसवायचे असते. कोणत्या गाडीत हे नीट बसते, याचा हा आढावा.

जाताना हलके, येताना जड

सुरत आणि सह्याद्री यांच्यामधली वाट फार जुनी आहे. जानेवारी 1664 मध्ये शिवाजी महाराजांचे घोडदळ गणदेवीच्या बाजूने उधन्याजवळ आले, तेव्हा सुरतेच्या मोगल सुभेदाराला, इनायतखानाला, तयारीला वेळच मिळाला नाही. ही चाल शक्य झाली ती सैन्य हलके होते म्हणून. मोगली फौजेबरोबर चालणारा तोफा, तंबू आणि बाजारबुणग्यांचा पसारा त्यात नव्हता.

दुसरी स्वारी ऑक्टोबर 1670 ची. या वेळी परतीची वाट साल्हेर-मुल्हेरच्या मुलखातून होती, सोबत लुटीने लादलेली जनावरे होती आणि मागावर मोगल सरदार दाऊदखान होता. 17 ऑक्टोबरला वणी-दिंडोरीजवळ लढाई जुंपली. मराठ्यांनी एका तुकडीने शत्रूला अडवून धरले आणि खजिना घाटाखाली सुखरूप काढून दिला. पुढे 1671 च्या आरंभी साल्हेर स्वराज्यात आला. फेब्रुवारी 1672 मध्ये त्याच्या पायथ्याच्या मैदानात मोरोपंत पिंगळे आणि प्रतापराव गुजर यांनी मोगलांच्या मोठ्या फौजेचा पराभव केला. मराठा सरदार सूर्यराव काकडे याच लढाईत पडले.

आजच्या प्रवाशापुढे शत्रू नाही. पण या वाटेवर जाणे सोपे आणि परतणे अवघड, ही गोष्ट साडेतीनशे वर्षांत बदललेली नाही. गाडी निवडताना बहुतेक जण शनिवारच्या रात्रीचा विचार करतात. निवड ठरायला हवी ती रविवारच्या रात्रीवरून.

बर्फातल्या मुलखातला हाच प्रश्न

कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियात किंवा अमेरिकेतल्या अलास्कात दूरच्या डोंगरांवर स्कीइंग करणाऱ्यांना नेमका हाच प्रश्न पडतो. हिवाळ्यात लाकूडतोडीच्या रस्त्यांवर बर्फ साचते, मोटार जात नाही, आणि डोंगराचा पायथा वीस-तीस किलोमीटर आत असतो. तिथे बर्फावर चालणारी स्नोमोबाइल लागते. या वाहनामागे एक दुःखद कहाणी आहे. क्वेबेक प्रांतातल्या व्हालकूर गावच्या जोसेफ आर्मां बोंबार्डिए या मेकॅनिकचा दोन वर्षांचा मुलगा 1934 च्या हिवाळ्यात गेला. बर्फाने रस्ते बंद होते आणि त्याला रुग्णालयात वेळेवर नेणे शक्य झाले नाही. त्यानंतर बोंबार्डिए यांनी बर्फावर चालणाऱ्या वाहनांवर नेटाने काम केले, आणि 1959 मध्ये त्यांच्या कारखान्यातून ‘स्की-डू’ हे हलके वाहन बाहेर पडले.

आज बाजारात अशा गाड्यांचे अनेक प्रकार आहेत. तयार वाटेवर पळवायच्या गाडीचा खालचा रबरी पट्टा 129 ते 137 इंचांचा, तर भुसभुशीत बर्फातल्या डोंगरी गाडीचा 154 ते 165 इंचांचा असतो. पट्टा लांब असला की वजन पसरते आणि गाडी रुतत नाही. पण तीच गाडी अरुंद जागी वळवायला कष्ट पडतात. वजन दोनशे किलोच्या वर असते. म्हणून तिथले जाणकार नवख्याला साधे प्रश्न विचारतात. रुतली तर तुम्ही दोघे मिळून ती उकरून काढू शकाल का? स्की आणि दुसरा माणूस तिच्यावर मावतो का? पायथ्याला पोहोचाल तेव्हा अंगात चढायची ताकद उरेल का? ज्याला गाडी चालवण्याचाच खेळ खेळायचा आहे त्याची गाडी वेगळी, आणि ज्याला गाडी ठेवून पुढे डोंगर चढायचा आहे त्याची वेगळी.

हा फरक सुरतेच्या गडप्रेमींनाही जसाच्या तसा लागू पडतो. शोरूममध्ये मात्र तो कोणी सांगत नाही.

तीन वाटा, तीन घाट

गाडी ठरवण्याआधी रस्ता ठरवावा लागतो. सुरतेहून या डोंगरांत शिरायला मुख्य तीन वाटा आहेत.

पहिली नवसारी, चिखली, वांसदा, वघईवरून सापुताऱ्याची, सुमारे 160 किलोमीटरची. वघईपर्यंत चढ जाणवत नाही. तिथून सागाचे दाट जंगल लागते आणि शामगहाणनंतर वळणावळणाचा घाट सुरू होतो. सापुतारा पावणेनऊशे मीटरच्या आसपास उंचीवर आहे. पुढे पाच-सहा किलोमीटरवर, महाराष्ट्राच्या हद्दीत, हतगड उभा आहे. पायथ्यापासून तो पाऊण तासात चढून होतो. पुढे हाच रस्ता वणीकडे उतरतो, त्यामुळे सप्तशृंगीला जाणाऱ्या भाविकांच्या गाड्याही इथूनच जातात.

दुसरी वाट बारडोली, व्यारा, आहवा अशी. आहवा हे डांग जिल्ह्याचे ठाणे. होळीच्या आधी इथे डांग दरबार भरतो. इथून चिंचलीकडे गेले की बाबुळण्याच्या घाटाने थेट साल्हेर-मुल्हेरच्या खोऱ्यात जाता येते. रस्ता अरुंद, वस्ती तुरळक, आणि या सगळ्या मुलखातले सर्वांत देखणे जंगल इथलेच. डांगी बोलीतले कितीतरी शब्द खानदेशी माणसाला ओळखीचे वाटतात. 1960 साली राज्ये वेगळी झाली तेव्हा डांग गुजरातेत गेला, पण बोलीने सीमा मानली नाही.

तिसरी वाट सुरत-धुळे राष्ट्रीय महामार्गाची. सोनगढवरून नवापूर, तिथून चरणमाळ घाटाने पिंपळनेर, मग ताहाराबाद आणि मुल्हेर. किलोमीटर थोडे जास्त, पण महामार्गावर रात्री ढाबे, पेट्रोलपंप, पंक्चरवाले उघडे सापडतात. मांगीतुंगीच्या जैन तीर्थाला जाणाऱ्यांनाही हीच वाट सोयीची. 2016 साली तिथे ऋषभदेवांच्या 108 फुटी मूर्तीची प्रतिष्ठापना झाली, तेव्हापासून ताहाराबादच्या फाट्यावर वर्दळ वाढली आहे.

यातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट अशी, की या तिन्ही वाटांनी गडांच्या पायथ्यापर्यंत डांबर पोहोचलेले आहे. साल्हेरवाडी असो, वाघांबे असो की मुल्हेर गाव, तिथे जायला नदीच्या गोट्यांतून गाडी काढावी लागत नाही. खड्डे असतात, पावसानंतर कडा खचतात, पण रस्ता असतो. त्यामुळे ‘फोर बाय फोर हवीच’ ही समजूत पहिल्याच पायरीवर गळून पडते.

रेल्वे आणि एसटी

स्वतःची गाडी नसलेल्यांसाठी तापी खोऱ्याची रेल्वे आहे. उधन्याहून नंदुरबार-भुसावळकडे जाणाऱ्या गाड्या व्यारा, उकाई-सोनगढवरून नवापूरला येतात. नवापूरचे स्टेशन निम्मे गुजरातेत आणि निम्मे महाराष्ट्रात आहे. फलाटावरच्या बाकावरूनही सीमा गेली आहे. तिथून पिंपळनेरला एसटी किंवा जीप, पिंपळनेरहून ताहाराबाद, आणि पुढे मुल्हेर-साल्हेरकडे सटाणा आगाराची बस किंवा काळी-पिवळी. मोजक्या फेऱ्या आणि तीन-चार ठिकाणी बदल, यामुळे एका दिवसात साल्हेर या मार्गाने होत नाही. मुक्कामाची तयारी असेल तर मात्र हा सर्वांत कमी दगदगीचा मार्ग आहे, कारण परतताना हातात हँडल नसते. दिवाळीत लूम आणि मार्केट बंद असते, तेव्हा तीन दिवस काढून असे जाणाऱ्यांना साल्हेर, मुल्हेर आणि मोरा असे तीन किल्ले निवांत पाहून होतात.

सापुतारा-आहव्याला गुजरात एसटीच्या बस जातात. हतगड करायचा असेल तर एवढे पुरते.

बिलिमोरा-वघई ही 63 किलोमीटरची अरुंद मापाची रेल्वे बडोद्याच्या गायकवाडांच्या काळातली. 2020 मध्ये ती बंद करण्याचा निर्णय झाला, लोकांनी आवाज उठवला आणि 2021 मध्ये गाडी पुन्हा धावू लागली. तिचा वेग पाहता गड गाठण्यासाठी ती उपयोगी नाही. अंबिकेच्या काठाने जंगल पाहत जाण्यासाठी, मुलांना घेऊन एकदा तरी, तिचे तिकीट काढावे.

साधी मोटारसायकल

सुरतेहून निघणाऱ्यांत सर्वाधिक वापर साध्या शंभर-सव्वाशे सीसीच्या मोटारसायकलींचा होतो, आणि त्यामागे समजूतदारपणा आहे. हिरो स्प्लेंडरचे इंजिन 97.2 सीसीचे, वजन 112 किलोच्या आसपास, चाके 18 इंचांची. मोठे चाक खड्ड्यात कमी आदळते, आणि कमी वजनाची गाडी पडली तरी एकटा माणूस उचलतो. दोघे बसून घाट चढताना ती दुसऱ्या गिअरवर येते, वेग वीस-पंचवीसवर उतरतो, पण ती चढते. ताहाराबाद, वघई, आहवा, कुठल्याही गावी तिचा क्लच वायर, ब्रेक शू, चेन स्प्रॉकेट मिळतो आणि मेकॅनिकला ती डोळे झाकून खोलता येते. चारशे किलोमीटरला सात लिटरच्या आतबाहेर पेट्रोल लागते. दोघांत वाटले तर माणशी साडेतीन लिटर.

तिच्या मर्यादाही स्पष्ट आहेत. महामार्गावर मागून येणारे ट्रक-ट्रेलर तिला दाबतात, दिव्याचा झोत अपुरा पडतो, आणि पुढच्या चाकाला ड्रम ब्रेक असेल तर सापुताऱ्याच्या उतारावर दोघांचे वजन आणि सामान घेऊन तो लवकर थकतो. उपाय दोन. उतारावर गाडी न्यूट्रल न करता चढताना जो गिअर लागला तोच ठेवून इंजिनाला वेग रोखू द्यायचा, आणि निघण्याआधी ब्रेक शू तपासून घ्यायचे. जमत असेल तर सव्वाशे सीसीची डिस्क ब्रेकवाली गाडी घेतलेली अधिक बरी. 125 सीसीपेक्षा मोठ्या नव्या दुचाकींना एप्रिल 2019 पासून एबीएस सक्तीचे आहे. ओल्या उतारावर त्याचे मोल कळते.

स्कूटर घेऊन निघणारे बरेच दिसतात. शहरात ती आरामाची असली तरी या कामाला ती कमी पडते. ॲक्टिव्हाचे मागचे चाक 10 इंचांचे, पेट्रोलची टाकी पाच लिटरच्या थोडी वर, आणि गिअर नसल्याने उतारावर इंजिनाचा रोध फार कमी. सगळा भार ब्रेकवर येतो. हतगडपर्यंत एकट्याने, दिवसाउजेडी ठीक. दोघांनी रात्री बाबुळण्याचा घाट उतरायला ती नेऊ नये. विजेच्या स्कूटरची तर बातच वेगळी. सुरतेत त्यांची संख्या झपाट्याने वाढली आहे, पण चढ आणि दोघांचे वजन धरता एका चार्जमध्ये वघईच्या पुढचा भरवसा धरता येत नाही.

डोंगरी मोटारसायकल

रॉयल एनफिल्डची हिमालयन 2016 साली आली आणि तरुणांच्या मनात घर करून बसली. 2023 च्या अखेरीस आलेल्या नव्या 450 सीसी हिमालयनचे वजन 196 किलो, जमिनीपासूनची उंची 230 मिलिमीटर, टाकी 17 लिटरची. किंमत तीन लाखांच्या घरात, आणि सप्टेंबर 2025 मध्ये 350 सीसीवरच्या दुचाकींचा जीएसटी 40 टक्क्यांवर गेला. तिचा खरा उपयोग महामार्गावर आणि रात्री आहे. ती शंभरच्या वेगालाही स्थिर राहते, दिवा चांगला, ब्रेक भक्कम, बसण्याची ठेवण पाठीला सुखाची. रविवारी रात्री थकून परतताना याचा मोठा आधार वाटतो.

पण 196 किलो ही बर्फातल्या गाडीसारखीच परीक्षा आहे. सामानासकट ही गाडी चिखलात आडवी झाली तर दोघांना घाम फुटतो, आणि बुटक्या बांध्याच्या चालकाचे पाय उतारावर नीट टेकत नाहीत. हिरोची एक्सपल्स 200 ही मधली वाट आहे. वजन दीडशे किलोच्या थोडे वर, जमिनीपासून उंची 220 मिलिमीटर, पुढचे चाक 21 इंचांचे, किंमत हिमालयनच्या जवळपास निम्मी. चाकांत ट्यूब असल्याने पंक्चर झाले की चाक खोलावे लागते. त्यामुळे जादा ट्यूब आणि पाने सोबत हवेतच. ज्याला वर्षातून दहा-बारा वेळा डांग-बागलाणात जायचे आहे आणि रोज कामावरही हीच गाडी न्यायची आहे, त्याला ती जास्त शोभते. वर्षातून दोनदा जाणाऱ्याने फक्त गडासाठी नवी गाडी घेऊ नये. त्या पैशातल्या थोड्या भागात चांगले टायर, दोघांना पक्की हेल्मेट, रेनकोट आणि घसरणार नाहीत असे बूट येतात. या चार गोष्टी सुरतेपासून माथ्यापर्यंत उपयोगी पडतात. महागडे इंजिन पायथ्याशी उभे राहते.

चारचाकी: घरची आणि भाड्याची

चौघांना जायचे असेल तर घरची छोटी मोटार हे सर्वांत दुर्लक्षित आणि सर्वांत सोयीचे उत्तर आहे. वॅगन-आरसारख्या गाडीची जमिनीपासूनची उंची 165 मिलिमीटर, डिकी 341 लिटरची. चार माणसे आणि चार सॅक त्यात बसतात, पाऊस-थंडीची काळजी नाही, दोन चालक आलटून पालटून चालवू शकतात. चारशे किलोमीटरला वीस-बावीस लिटर पेट्रोल, म्हणजे माणशी साडेपाच लिटरच्या आसपास. सीएनजी असेल तर खर्च आणखी उतरतो, फक्त सिलिंडर डिकी खातो आणि घाटाकडे पंप विरळ होत जातात. गुजरातेत पेट्रोल महाराष्ट्रापेक्षा स्वस्त मिळते, त्यामुळे टाकी सोनगढ किंवा वघईच्या अलीकडेच भरून घ्यावी; नवापूर भागातले लोकही तेच करतात.

मारुतीची ईको दक्षिण गुजरातच्या रस्त्यांवर जागोजागी दिसते. सहा-सात जणांच्या गटाला ती परवडते. तिचे जोर लावणारे चाक मागचे आहे. गाडी रिकामी असताना ओल्या चढावर ते घसरते, म्हणून पावसाळ्यात घाटात जरा जपून.

आता थार आणि जिम्नी. 2020 साली आलेल्या नव्या थारची जमिनीपासूनची उंची 226 मिलिमीटर आणि पाण्यातून जायची क्षमता 650 मिलिमीटर. 2023 ची पाच दारांची जिम्नी त्याहून हलकी, 210 मिलिमीटर उंचीची, चारही चाकांना जोर आणि लो गिअर असलेली. दोन्ही गाड्या आपापल्या कामात पक्क्या आहेत. पण साल्हेरच्या वाटेवर त्यांचे ते काम निघतच नाही. उलट तीन दारांच्या थारमध्ये चार माणसे बसली की सॅक ठेवायला जागा उरत नाही. जिम्नीची डिकी 208 लिटरची. पेट्रोल थार लिटरला दहा किलोमीटरच्या आसपास धावते, म्हणजे माणशी दहा लिटर. जंगलात आडवाटेने गाडी घालणे तर गुन्हाच आहे. पूर्णा अभयारण्य आणि आजूबाजूच्या राखीव वनात रस्ता सोडून चाक उतरवायला परवानगी नाही, आणि गडांच्या उतारावर टायरने पाडलेली चरी पुढच्या पावसात ओहोळ होते.

गट मोठा असेल तर उत्तर आणखी सोपे होते. क्रूझर किंवा तूफान चालकासकट भाड्याने घ्यावी. दहा-बारा जणांत भाडे वाटले जाते. पण खरा फायदा वेगळाच आहे. मंडळी गड चढत असताना चालक पायथ्याशी झाडाखाली झोप काढतो. रविवारी रात्री घाट उतरताना स्टिअरिंगवर विश्रांती घेतलेला माणूस असतो. दुचाकीवर, थारवर, हिमालयनवर, कशावरही पैसे खर्चून ही गोष्ट मिळत नाही. गाडी मात्र पिवळ्या पाटीची आणि दोन्ही राज्यांत चालणाऱ्या परवान्याची असावी. ओळखीच्याची पांढऱ्या पाटीची गाडी भाड्याने घेतली तर अपघातात विमा कंपनी हात वर करू शकते.

घाट, धुके आणि झोप

डांगच्या घाटांनी सुरतेला फार दुःख दिले आहे. डिसेंबर 2018 मध्ये डांगमध्ये सुरतेच्या विद्यार्थ्यांच्या सहलीची बस दरीत कोसळली. फेब्रुवारी 2025 मध्ये सापुताऱ्याच्या घाटात यात्रेकरूंची खासगी बस कठडा तोडून खाली गेली. दोन्ही वेळा माणसे दगावली. या बातम्या वाचून घाटाचे भय धरायची गरज नाही. पण घाटात पोहोचताना चालक ताजातवाना असला पाहिजे, हे मात्र त्या बजावून सांगतात.

म्हणून गाडीपेक्षा वेळापत्रक मोठे. बारा तासांची पाळी करून रात्री दहाला निघायचे आणि पहाटे तीनला घाट गाठायचा, हा नेहमीचा बेत सर्वांत धोक्याचा, कारण पहाटे दोन ते पाच या वेळात झोप सर्वांत जास्त ओढते. त्याऐवजी संध्याकाळी निघून सोनगढ, आहवा किंवा सापुताऱ्याला पाठ टेकावी आणि उजाडताना घाट चढावा. साल्हेर सकाळी सातला चढायला घेतला तर वाघांब्याकडून साल्हेर आणि शेजारच्या सालोटा किल्ल्यामधल्या खिंडीतून माथ्यावर, परशुरामाच्या देवळापाशी, दहा-साडेदहापर्यंत पोहोचता येते. गंगासागर तलाव, रेणुकामातेचे मंदिर, गुहा पाहून दुपारी दोनला खाली यावे. जेवून तीनला निघाले की अंधार पडेपर्यंत घाट मागे पडलेला असतो.

रात्रीच्या रस्त्याला आणखी एक धोका आहे, तो ऋतूचा. नोव्हेंबरपासून दक्षिण गुजरातेत साखर कारखान्यांचा गाळप हंगाम चालतो. बारडोली-व्यारा पट्ट्यात उसाने भरलेले ट्रक आणि ट्रॉल्या रात्री रस्त्यावर असतात, आणि बऱ्याच ट्रॉल्यांना मागे दिवा किंवा चमकपट्टी नसते. पलीकडे बागलाणात कांद्याचे ट्रॅक्टर बाजार समितीकडे निघालेले असतात. दिव्याचा झोत ठीक नसलेली दुचाकी या दिवसांत रात्री काढूच नये.

पावसाळ्यात गणित बदलते. डांगमध्ये पाऊस धो धो कोसळतो, सापुताऱ्याला धुक्यात दहा पावलांपुढचे दिसत नाही, आणि आतल्या रस्त्यांवरचे फरशी पूल पाण्याखाली जातात. इथे थारच्या 650 मिलिमीटरच्या आकड्याचा भरवसा धरू नये. तो आकडा साचलेल्या पाण्याचा आहे. वाहते पाणी गुडघ्याएवढे असले तरी मोटार बाजूला सरकवते. ऑगस्ट 2006 मध्ये उकाईतून सोडलेल्या पाण्याने सुरत बुडाली, तेव्हा दारातल्या गाड्या तरंगताना या शहराने पाहिल्या आहेत. पूल पाण्याखाली असेल तर थांबावे, पाणी ओसरण्याची वाट पाहावी, नाहीतर मागे फिरावे. जुलै-ऑगस्टमध्ये साल्हेरचा कातळही निसरडा होतो. त्या दोन महिन्यांत हतगड किंवा सोनगढचा गायकवाडी किल्ला करावा.

पायथ्याच्या गावात

गाडी जिथे उभी राहते ते कुणाचे तरी गाव असते. वाघांबे आणि साल्हेरवाडीत युनेस्कोच्या यादीनंतर बाहेरच्या गाड्या वाढल्या आहेत. शाळेच्या अंगणात, खळ्यात, बैलगाडीच्या वाटेवर गाडी लावली की गावाची अडचण होते. विचारून लावावी, चार पैसे द्यावेत, परतीच्या जेवणाचे आधी सांगून ठेवावे. भाकरी, पिठले आणि ठेचा ज्या घरात मिळतो, त्याच घरातला मुलगा वाट दाखवायलाही येतो. पहाटे गावातून जाताना सायलेन्सर बदललेल्या गाड्यांचा धडधडाट लोकांची झोप मोडतो. अशी गाडी नेऊच नये. साल्हेर राज्य पुरातत्त्व संचालनालयाच्या संरक्षणात आहे. तिथे चूल पेटवणे, दगडांवर नावे कोरणे, प्लास्टिक टाकणे ही वारशाचीच हानी आहे.

सोबत काय असावे, हेही ठरलेले असू द्यावे. दुचाकीला जादा क्लच वायर, प्लग, ट्यूब किंवा ट्यूबलेस पंक्चरची पट्टी, हवेचा छोटा पंप. चारचाकीला भरलेली स्टेपनी आणि चालणारा जॅक. सामान पाठीवर न घेता मागच्या कॅरिअरला घट्ट बांधावे, म्हणजे खांदे चढासाठी ताजे राहतात. मोबाइलची रेंज चिंचली-बाबुळण्याच्या पट्ट्यात जाते-येते, त्यामुळे रस्ता आधी कागदावर उतरवून ठेवावा आणि घरी परतीची वेळ सांगावी.

निवाडा

एकट्याने किंवा जोडीने जायचे आणि खर्च कमीत कमी ठेवायचा असेल, तर घरात आहे तीच सव्वाशे सीसीची मोटारसायकल, डिस्क ब्रेकची असल्यास उत्तम. वर्षभर सतत जाणाऱ्याला एक्सपल्ससारखी हलकी डोंगरी गाडी. लांबच्या महामार्गी प्रवासाची आवड असलेल्या, अंगात ताकद असलेल्या चालकाला हिमालयन. तीन-चार जणांना घरची छोटी मोटार. सहाच्या वर माणसे असतील तर चालकासकट क्रूझर, आणि यात दुसरा विचार नको. थार-जिम्नी आधीपासून दारात असेल तर खुशाल न्यावी, पण साल्हेरसाठी ती विकत घेण्याचे कारण नाही. हाती तीन दिवस असतील तर उधन्याहून रेल्वे.

ज्यांनी अजून एकदाही हा रस्ता केलेला नाही, त्यांनी ऑक्टोबर ते फेब्रुवारीमधला एखादा रविवार धरून आधी हतगड करावा. जायचे सुमारे 165 किलोमीटर, एक घाट, पाऊण तासाची चढण, आणि संध्याकाळी घरी. त्या एका दिवसात गाडीचा ब्रेक, दिवा, बैठक आणि चालकाचा दम, सगळ्यांची परीक्षा होते. काही दुरुस्त करायचे असेल ते पुढच्या पंधरा दिवसांत करून घ्यावे, आणि मग त्याच गाडीने साल्हेरला निघावे.